सीतेच्या वेणीचं बी जर्मनीला, लेडीज स्लिपर सावंतवाडीला: काय जमेल आणि काय नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच कळेल. सावंतवाडीजवळ तुमच्या अंगणातल्या फणसावर सीतेची वेणी हे ऑर्किड आहे. यंदा ती भरभरून फुलली आणि तिला दोन शेंगा धरल्या. जर्मनीतल्या एका हौशी ऑर्किडवाल्याशी तुमची ओळख झाली आहे. त्याला या झाडाचं बी हवं आहे आणि बदल्यात तो पॅफिओपेडिलमची, म्हणजे लेडीज स्लिपरची, दोन रोपं द्यायला तयार आहे. तो म्हणतो, बीला सायटिसचा, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागत नाही, साध्या पाकिटातून पाठवून द्या. तुमचा भाऊ दिवाळीला फ्रँकफर्टहून येणार आहे, त्याच्या बॅगेतून रोपं आणायचा बेत आहे. हे चालेल का, असं तुम्ही विचारता.

थोडक्यात सांगायचं तर बीबद्दल तुमचा मित्र म्हणतो ते अर्धंच खरं आहे आणि रोपांचा बेत तुम्ही सोडून द्यावा. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्हाला फक्त नकार मिळेल, आणि अदलाबदल होऊ नये असं मला मुळीच वाटत नाही. माझ्याकडच्या चांगल्या झाडांतली निम्मी कुणा ना कुणा अनोळखी माणसाने पाठवलेल्या बियांतून उभी राहिली आहेत. म्हणून यामागचं कारण सविस्तर लिहितो.

ऑर्किड सीमेपलीकडे जाताना त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. पहिला, हे झाड आलं कुठून, रानातून की कुणाच्या कुंडीतून? दुसरा, याच्याबरोबर रोग, कीड, माती असं काय आलं आहे? पहिला प्रश्न सायटिसचा आणि दुसरा वनस्पती क्वारंटाइनचा. दोन्हींची खाती वेगळी आणि कागदही वेगळे. गेली सव्वीस वर्षं मी ऑर्किड वाढवतो आहे आणि सोळा वर्षं घरच्या छोट्या प्रयोगशाळेत बी पेरतो आहे. या काळात मी जे गोंधळ पाहिले, त्यातले बहुतेक एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यालाही चालेल असं समजल्यामुळे झाले. तुमच्या मित्राचंही तेच झालं आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू. सायटिस हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार १९७३ साली वॉशिंग्टनला झाला, १९७५ पासून लागू झाला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. या करारात ऑर्किडचं अख्खं कुळ आहे. करारात नोंदलेल्या सगळ्या प्राणी-वनस्पतींच्या जाती मोजल्या तर त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त ऑर्किड निघतात. फूल नसताना दुर्मीळ जात कोणती आणि साधी कोणती हे मलाही अनेकदा सांगता येत नाही, मग विमानतळावरच्या माणसाला कसं सांगता येणार? म्हणून सगळं कुळच परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवान्याने व्यापार चालणाऱ्यांच्या यादीत, घेतलं आहे. ज्यांची अवस्था फारच वाईट आहे अशा थोड्यांना परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक नियमांच्या यादीत, ठेवलं आहे. पॅफिओपेडिलमची सगळी प्रजाती, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली फ्रॅग्मिपेडिअम, आपल्या ईशान्येकडची रेनँथेरा इमशूटिआना, म्हणजे लाल व्हँडा, आणि आणखी मोजक्या जाती त्यात येतात.

आता सूट कशाला आहे ते पाहू. परिशिष्ट २ मधल्या ऑर्किडचं बी, बियांच्या शेंगा, पराग आणि निर्जंतुक बाटलीत अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, वाढवलेली रोपं यांना सायटिसचा परवाना लागत नाही. सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा, परिशिष्ट २ मध्ये आहे. तेव्हा तुमच्या बीला सायटिसचा कागद लागत नाही, हे मित्राचं म्हणणं बरोबर आहे. परिशिष्ट १ मधल्या जातींच्या बियांना मात्र ही सूट नाही, आणि हे पुष्कळ जण विसरतात. उद्या तो पॅफिओपेडिलमच्या जातीचं बी द्यायला निघाला, तर 'बीला कागद लागत नाही' हे वाक्य तिथे लागू होणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र या सुटीने मिळत नाही. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक जिवंत वनस्पतीला, लागवडीच्या बियांसकट, रोगमुक्ततेचा दाखला लागतो. आम्ही त्याला फायटो म्हणतो. प्रवाशाच्या खिशातल्या पुडीलाही तोच नियम आहे. अननस, नारळ, ड्यूरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना तेवढी मोकळीक आहे. तुमचं बी चिमूटभर असलं तरी ते लागवडीचं बी आहे. साध्या पाकिटातून गेलं आणि सापडलं तर ते नष्ट करतील आणि विचारणा तुमच्या मित्राकडे होईल. सापडलं नाही तर बी पोचेल, पण ते कुठून आलं याचा एकही कागद त्याच्याकडे नसेल. अशा बियांची रोपं पुढे तो कुणाला उजळ माथ्याने देऊ शकणार नाही. बियांची अदलाबदल आपण ज्यासाठी करतो, ते पुढे वाटणंच तिथे थांबतं.

म्हणून माझा पहिला नियम हा की सुरुवात नेहमी माल जिथे पोचणार त्या देशापासून करायची. तुमच्या मित्राने त्याच्या राज्याच्या वनस्पती संरक्षण कार्यालयाला लेखी विचारावं: भारतातून ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसाचं अर्धा ग्रॅम बी यायचं आहे, फायटोवर कोणतं वाक्य लागेल? त्यांचं उत्तर आलं की ते घेऊन तुम्ही आपल्याकडच्या क्वारंटाइन केंद्रात जायचं. तुम्हाला मुंबईचं केंद्र किंवा गोव्यातलं कार्यालय जवळ पडेल. उलट दिशेने, म्हणजे आधी इथला दाखला काढून मग तिकडे चौकशी करण्याचा प्रयत्न मी केला आहे. तिथे हवा असलेला मजकूर दाखल्यावर नव्हता आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. फणसावरचं झाड तिथे आलं कसं? तुमच्या आजोबांच्या वेळेपासून ते आपणहून तिथे वाढलेलं असेल, किंवा नर्सरीतून आणून बांधलेलं असेल, किंवा आंबोलीच्या घाटात वादळात पडलेल्या फांदीवरून कुणी उचलून आणलेलं असेल. घरात तिन्ही झाडं सारखीच प्रिय असतात, पण कागदावर ती सारखी नाहीत. रानातून काढलेल्या ऑर्किडची, त्याच्या भागांसकट, निर्यात करायला आपल्या देशात मनाई आहे. बीला सायटिसची सूट असली तरी ही मनाई उठत नाही, कारण ती आपल्या देशाची आहे. झाड नर्सरीतलं असेल तर जुनी पावती शोधा. आपणहून आलेलं असेल, तर खासगी अंगणातल्या झाडावरच्या शेंगेबद्दल वन विभागाकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवा. घाटातून उचललेलं असेल तर त्याचं बी परदेशी पाठवू नका, असंच मी सांगेन. त्यापासून इथेच रोपं करा आणि इथेच वाटा. एक पिढी बाटलीतून कुंडीत आली, तिची नोंद राहिली, की पुढच्या पिढीबद्दल बोलणं सोपं होतं.

आणखी एक कायदा यात येतो, २००२ चा जैवविविधता कायदा. भारतातली जैविक संसाधनं संशोधनासाठी किंवा व्यापारी उपयोगासाठी परदेशी नागरिकाने घ्यायची असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. तुमचा मित्र खिडकीत चार कुंड्या ठेवणारा असेल तर गोष्ट निराळी. त्याची स्वतःची नर्सरी असेल, तो संकर करून विकत असेल किंवा कुठल्या विद्यापीठाशी जोडलेला असेल, तर हा कायदा थेट लागू होऊ शकतो. म्हणून तो बियांचं काय करणार आहे हे त्याला मोकळेपणाने विचारा. यात संशयी वाटण्यासारखं काही नाही. चांगले ऑर्किडवाले हा प्रश्न आनंदाने घेतात, कारण तेही आपल्याला तोच विचारतात. शंका उरली तर नागपूरला महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय आहे, तिथे पत्र टाका.

इथवरचं एवढं लक्षात ठेवा: सीतेच्या वेणीच्या बीला सायटिस नाही, फायटो आहे, आणि झाडाचा उगम स्वच्छ हवा.

आता पॅफिओपेडिलमकडे येतो. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण ही फुलं मला फार आवडतात आणि हौशी लोकांच्या हातूनच त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं आहे. आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलैच्या डोंगरात, पॅफिओपेडिलम ड्रुरी नावाची पिवळ्या फुलाची जात आहे. जगात ती दुसरीकडे कुठेच उगवत नाही. बराच काळ ती हरवली आहे असंच मानत होते. १९७२ मध्ये ती पुन्हा सापडली आणि ती बातमीच तिच्या मुळावर आली. संग्राहकांनी इतकी झाडं उपटली की रानात ती नावापुरती उरली. व्हिएतनाममध्ये १९९९ च्या सुमारास पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स जगासमोर आली आणि काही वर्षांतच तिच्या मूळ जागा जवळजवळ रिकाम्या झाल्या. हे करणारे सगळेच मोठे तस्कर नव्हते. एकेका हौशी माणसाने एकेक रोप मागवलं आणि त्या मागणीनेच डोंगर मोकळे केले.

म्हणून या प्रजातीला परिशिष्ट १ मध्ये ठेवलं आहे. तुमच्या मित्राची रोपं बाटलीत वाढलेली असतील, तर कृत्रिमरीत्या वाढवलेली म्हणून त्यांचा व्यवहार होऊ शकतो, पण त्यासाठी जर्मनीच्या सायटिस प्राधिकरणाचा कागद लागतो. भावाच्या बॅगेतून आणली म्हणून ती 'वैयक्तिक सामान' ठरत नाहीत. ती सवलत जिवंत झाडांना नाहीच. शिवाय भारतात उतरताना आपला २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश आहे. त्यानुसार रोपांना आधी काढलेला आयात परवाना लागतो, निर्यात करणाऱ्या देशाचा फायटो लागतो, आणि मुळांना मातीचा कणही चालत नाही.

हे सगळं जमवलंत तरी एक गोष्ट उरते, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींचं प्रकरण आलं. त्यात ज्या सहा वनस्पतींना खास संरक्षण दिलं, त्यात लेडीज स्लिपर, निळी व्हँडा आणि लाल व्हँडा ही तीन ऑर्किड होती. अशा वनस्पतीची लागवड करायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. म्हणजे रोप तुमच्या दारात पोचलं तरी ते कुंडीत लावण्याचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. दोन रोपांसाठी एवढं करावं की नाही हे तुमच्यावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर केलं नसतं.

कागदांकडे काणाडोळा केल्यावर काय होतं याचं एक उदाहरण ऑर्किडच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. २००२ साली पेरूमधून मोठ्या जांभळ्या-गुलाबी फुलाचं एक फ्रॅग्मिपेडिअम कागदांशिवाय अमेरिकेत फ्लोरिडाच्या मेरी सेल्बी बोटॅनिकल गार्डन्समध्ये पोचलं. तिथे त्याचं वर्णन झालं आणि ते आणणाऱ्याचं नाव त्या जातीला मिळालं, फ्रॅग्मिपेडिअम कोव्हाची. पुढे खटला झाला, संस्थेने गुन्हा कबूल केला, दंड भरला. आणणाऱ्यालाही शिक्षा झाली. मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पेरूने मोजकी झाडं रीतसर काढू दिली, तिथल्या नर्सऱ्यांनी त्यांपासून बी धरलं, बाटल्या भरल्या, आणि त्याच जातीची रोपं आज कागदांसह जगभर मिळतात. म्हणजे रस्ता होता, त्याला फक्त काही वर्षं लागली.

मग मित्राकडून काय मागायचं? परिशिष्ट २ मधलं काहीतरी, आणि तेही फ्लास्कमध्ये. फ्लास्क म्हणजे निर्जंतुक बाटलीत अगारवर वाढलेली पंचवीस-तीस पिल्लं. त्यांना सायटिसचा कागद लागत नाही. त्यांच्याबरोबर माती, मॉस किंवा गोगलगाईची अंडी येत नाहीत. आयात परवाना आणि फायटो यांतून मात्र त्यांचीही सुटका नाही, तेवढं गृहीत धरा. युरोपात फॅलेनॉप्सिसच्या मूळ जाती चांगल्या जपल्या आहेत. कोकणातल्या दमट हवेला त्या मानवतात. त्याच्याकडे ब्राझीलच्या कॅटलियाच्या जाती असतील तर त्याही घ्या, फक्त कॅटलिया जोंघिआना आणि कॅटलिया लोबाटा या दोन परिशिष्ट १ मध्ये आहेत, त्या वगळा. थंड डोंगराची मॅस्डेव्हॅलिया वगैरे तो प्रेमाने देऊ करेल. घेऊ नका, सावंतवाडीच्या एप्रिलमध्ये ती टिकणार नाहीत.

मोठ्या रोपांपेक्षा मी बी आणि फ्लास्क यांवर भर देतो, त्याला कागदांइतकंच महत्त्वाचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे विषाणू. सिंबिडिअम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या ऑर्किडमध्ये पसरले आहेत. झाड वरून ठणठणीत दिसतं, फुलतंही. तुम्ही त्याच कात्रीने दुसऱ्या झाडाचा दांडा कापता आणि रसातून विषाणू तिकडे जातो. एका मित्राने प्रेमाने दिलेल्या कॅटलियाच्या फुटव्यातून माझ्या शेडमध्ये हेच झालं. पानांवर काळसर खड्डे दिसायला लागले तोवर अकरा झाडांना लागण झाली होती. सगळी जाळली. त्यात माझ्या आईने लावलेलं एक झाड होतं. यावर औषध नाही. पक्व, कोरड्या बियांतून हे विषाणू सहसा पुढच्या पिढीत जात नाहीत, म्हणून बीतून वाढलेलं रोप हे माझ्या दृष्टीने नवी सुरुवात असते. भावाकडून काही आणवायचंच असेल तर या दोन विषाणूंच्या चाचणीपट्ट्या आणवा. त्या निर्जीव आहेत, त्यांना यातला कुठलाच कागद लागत नाही.

कागद बरोबर असूनही काम कसं अडतं याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी थायलंडच्या एका उत्पादकाकडून मी आठ रोपं रीतसर मागवली. आयात परवाना होता, तिकडचा सायटिस होता, फायटो होता. तरी खोकं अकरा दिवस अडकलं, कारण एका कागदावर झाडाचं नाव अॅस्कोसेंट्रम होतं आणि दुसऱ्यावर व्हँडा. झाड एकच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अॅस्कोसेंट्रम ही प्रजाती व्हँडात मिसळली आहे. एका कारकुनाने जुनं नाव लिहिलं, दुसऱ्याने नवं. तपासणाऱ्याची यात काहीच चूक नव्हती, त्याच्या समोर दोन वेगळ्या झाडांचे कागद होते. आठांतली तीन वाचली. तेव्हापासून मी पैसे पाठवण्याआधी प्रत्येक कागदावरचं लॅटिन नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते फोटो मागवून पाहतो. तुमच्या बाबतीत बीजकावर 'फॉक्सटेल ऑर्किड' किंवा नुसतं 'ऑर्किड बी' असं लिहू नका. पूर्ण शास्त्रीय नाव, वजन ग्रॅममध्ये, आणि 'लागवडीखालील झाडाचं' असं स्पष्ट लिहा. ते खरं असेल तरच. कस्टम्सच्या चिठ्ठीवर 'भेटकार्ड' किंवा 'हस्तकला' लिहायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. कागद अपुरा असला तर तो पुरा करता येतो, पण खोटं लिहिलं की तो गुन्हाच होतो.

आता बी प्रत्यक्ष कसं धरायचं आणि बांधायचं. आधी वेळेचं पाहा. सीतेची वेणी मे-जूनमध्ये फुलते आणि तिची शेंग पिकायला बरेच महिने घेते. माझ्याकडच्या झाडांवर ती पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी फुटते. म्हणजे दिवाळीत भाऊ परत निघेल तेव्हा तुमच्या शेंगा हिरव्याच असतील. हिरवी शेंग परदेशी पाठवू नका. ती वाटेत घाम धरते, कुजते, आणि आत अळी असेल तर ती बाहेरून दिसत नाही.

ऑर्किडचं बी म्हणजे धूळ असते. एका शेंगेत हजारो, कधी लाखो दाणे असतात, आणि एकाही दाण्यात अंकुरासाठी पुरेसं साठवलेलं अन्न नसतं. रानात विशिष्ट बुरशी त्याला अन्न पुरवते. हे नातं नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये फ्रान्समध्ये ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर बी रुजवून दाखवलं. आज आपण घरी बाटल्या भरतो त्या त्यांच्याच वाटेने. म्हणून मित्राला विचारा की त्याच्याकडे बाटलीत पेरायची सोय आहे का, किंवा बी पेरून देणारी कोणी प्रयोगशाळा त्याच्या ओळखीची आहे का. ती नसेल तर तुमचं बी तिथे मॉसवर भुरभुरून वाया जाईल.

शेंगेचं टोक हिरव्याचं पिवळसर व्हायला लागलं आणि शिरांवर फिकट रेघ दिसली की ती फुटायच्या बेतात असते. देठाला धरून कापा, ब्लॉटिंग पेपरवर पंख्यापासून लांब ठेवा. एक-दोन दिवसांत ती उकलते. बी पांढऱ्या कागदावर झटका आणि कापसासारखे तंतू अलग करा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर पाहून घ्या. पारदर्शक सालीच्या मध्ये गडद ठिपका दिसला तर दाणा भरलेला, नाहीतर फोल. निम्म्याहून जास्त फोल असेल तर पाठवण्यात अर्थ नाही, आणि मित्राला तसं सांगा.

भरलेलं बी बटर पेपरच्या घडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट नको, त्यात ओल राहते आणि आठवड्यात बुरशी येते. घडी सिलिका जेलबरोबर हवाबंद डबीत चार-पाच दिवस ठेवा, मग डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सिलिका जेलसह चार-पाच अंश तापमानात बी महिनोन् महिने टिकतं. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेलं आठवडाभरही टिकेल याची खात्री नाही. पाठवताना घडी कडक पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत घाला. टपालाच्या यंत्रात दाबलं गेलेलं बी पोचतं, पण रुजत नाही. घडीवर पेन्सिलीने नाव, झाडाचं ठिकाण आणि शेंग काढल्याची तारीख लिहा. शाई ओलीने पसरते.

दोन शेंगा आहेत ही तुमच्यासाठी मोठी सोय आहे. एक शेंग हिरवी असतानाच, फुलून सहा-सात महिने झाले की, इथल्या एखाद्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेला द्या. पुण्या-कोल्हापूरकडे पेरून देणाऱ्या जागा आहेत. हिरवी शेंग आख्खी अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवतात, आतलं बी निर्जंतुकच असतं, त्यामुळे नासण्याचं प्रमाण कमी राहतं. शेंग वर्तमानपत्रात गुंडाळून पोचवा, ओल्या फडक्यात नाही. त्यातून आलेल्या रोपांना नोंद असेल: कोणत्या झाडाची, कधी पेरली, कुणी पेरली. दोन वर्षांनी मित्राला रोपांचा फ्लास्क पाठवायचा झाला तर हीच नोंद तुमच्या कामी येईल. तेव्हा तो जर्मनीच्या थंडीत पाठवू नका. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बरा. कुणाबरोबर द्यायचा असेल तर लक्षात ठेवा, अगार हे विमानतळावर जेल म्हणून धरतात, हातातल्या बॅगेत ते अडवू शकतात.

दुसरी शेंग झाडावरच पिकू द्या. झाड कुठून आलं आणि मित्राच्या कार्यालयाचं उत्तर काय, या दोन गोष्टी तोवर स्पष्ट झाल्या असतील, तर तिचं अर्धं बी त्याचं. त्या गोष्टी स्पष्ट झाल्या नाहीत, तर सगळं बी इथेच पेरा. आपल्या तालुक्यात ही जात घरोघरी परत गेली तर तीही मोठीच गोष्ट आहे.

भावाला आजच फोन करून रोपं आणू नकोस म्हणून सांगा, कारण तो तिकीट काढून कुंड्या गुंडाळायला लागला असेल. मित्राला लिहा की बी देईन पण फायटोसह, पुढच्या उन्हाळ्यात, आणि बदल्यात पॅफिओपेडिलमऐवजी फॅलेनॉप्सिसच्या एखाद्या मूळ जातीचा फ्लास्क चालेल. आणि फणसावर चढता येत असेल तर या आठवड्यात दुसऱ्या शेंगेवर पातळ मलमलची पिशवी सैल बांधून ठेवा. ती कधी फुटेल हे नेमकं सांगता येत नाही, आणि एका दुपारच्या वाऱ्यात सगळं बी उडून जातं.